आवाजाचं बटण चालतं, मग बाकीची का चालत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नोकरीनिमित्त पुण्यात, आई-वडील अंबाजोगाईला. दिवाळीत त्यांनी घरच्या टीव्हीला फायर टीव्ही स्टिक (टीव्हीच्या मागे खोचायची, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी अ‍ॅमेझॉनची कांडी) लावून दिली. गेले आठ दिवस आई फोनवर सांगतेय, "रिमोट काहीच ऐकेना बघ. आवाज तेवढा कमी-जास्त व्हायलाय, टीव्ही बंद-चालू व्हायलाय, पण त्या गोल बटणानं चित्र हलेचना." सेल दोनदा बदलून झाले. तिथल्या एका दुकानदाराने मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरला, घराचं बटण दाबलं आणि "लाईट मारत नाही, रिमोट गेला" असं सांगून टाकलं. आता नवा रिमोट मागवू का, असं त्यांनी विचारलंय.

नका मागवू. निदान पुढचं वाचून, आईला एक फोन करून होईपर्यंत तरी नका मागवू. माझं परभणीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. सुरुवात पिक्चर ट्यूबच्या जड टीव्हींपासून केली, आता टेबलावर निम्मा माल स्टिक, बॉक्स आणि रिमोटचा असतो. "रिमोट गेला" म्हणून येणाऱ्यांतले बरेच रिमोट मी न उघडताच परत देतो, कारण ते गेलेले नसतात. तुमच्या आईने तर निम्मं निदान स्वतःच करून दिलंय, फक्त ते कुणी नीट ऐकलं नाही. आवाज चालतो, टीव्ही चालू-बंद होतो, बाकी काही नाही. एवढ्या एका वाक्यात रिमोटचा निम्मा भाग सुटला.

त्याचं असं आहे की या रिमोटच्या पोटात दोन वेगवेगळी यंत्रं आहेत. एक जुनं, आपल्या ओळखीचं इन्फ्रारेडचं. समोरच्या टोकाला बारकी एलईडी असते, ती डोळ्याला न दिसणारा उजेड सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा फडफडवून टीव्हीला हुकूम देते. टीव्हीच्या खालच्या पट्टीतला डोळा तो उजेड पकडतो. मध्ये माणूस उभा राहिला की हुकूम अडतो. तुमच्या रिमोटवरची टीव्ही चालू-बंद करायची आणि आवाजाची बटणं या यंत्रावर चालतात, आणि ती थेट टीव्हीशी बोलतात. स्टिकचा त्यात काही संबंध नाही. स्टिक काढून खिशात घातली तरी आवाज कमी-जास्त होईल.

दुसरं यंत्र ब्लूटूथचं. घर, मागे, मेनू, गोल कडं, मधलं बटण, बोलायचं बटण ही सगळी त्यावर. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, भिंत आणि टीव्हीच्या फटीत लपलेली असते. तिथे उजेड पोचणार कसा? म्हणून स्टिकला उजेड ओळखणारा डोळाच दिलेला नाही, ती फक्त रेडिओच्या लहरी ऐकते. रिमोट सोफ्याकडे तोंड करून दाबला तरी चालतो, तो यामुळेच.

आता त्या दुकानदाराच्या कॅमेऱ्याचं बघा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड एलईडी जांभळट-पांढरी चमकताना दिसते, ही चाचणी चांगलीच आहे, मीही रोज करतो. पण ती आवाजाचं बटण दाबून करायची. घराचं बटण ब्लूटूथवर असल्यामुळे ते दाबल्यावर कोऱ्या करकरीत रिमोटची एलईडीसुद्धा चमकणार नाही. या एका गैरसमजापायी किती चांगले रिमोट कचऱ्यात गेले असतील, देव जाणे. (काही मोबाईलच्या, विशेषतः आयफोनच्या, मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते. तिथे सेल्फीचा कॅमेरा वापरून बघावा.)

म्हणजे तुमचा खरा प्रश्न नवा रिमोट घ्यायचा की नाही हा नाहीच. रिमोट बोलत नाही, की स्टिक ऐकत नाही, की दोघं एकमेकांना ओळखेनासे झालेत, हे आधी ठरवायचं. आवाज चालतो म्हटल्यावर सेल अगदीच मेलेले नाहीत, रिमोटचं सर्किट जिवंत आहे, पाण्यात पडून संपलेलाही नाही. माझा अंदाज विचाराल तर ओळख तुटलीय, नाहीतर स्टिक लटकलीय.

अंदाज म्हणालो, कारण पुण्यातून तुम्ही आणि परभणीतून मी, दोघंही तो टीव्ही बघत नाही आहोत. काही गोष्टी घरच्या परिस्थितीवर आहेत. तेव्हा आईला फोन लावाल तेव्हा पहिला प्रश्न रिमोटबद्दल विचारूच नका. आठ दिवसांपूर्वी घरात काय बदललं, ते विचारा. वायफायचा डबा बदलला का? नवा माणूस येऊन पासवर्ड बदलून गेला का? टीव्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला का? त्या रात्री लाईट सारखी ये-जा करत होती का? आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न कधीच सोडायचा नाही. स्टिक स्वतःला अपडेट करत असताना लाईट गेली, की परत आल्यावर ती अर्धवट जागी होते. पडद्यावर चित्र असतं, पण कान बंद.

त्यातच स्टिकची वायर कुठे खोचलीय तेही विचारा. स्टिकबरोबर येणारा चार्जर ५ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअरचा असतो. पण भिंतीवर बटणाचा बोर्ड लांब पडतो, वायर लोंबकळलेली बरी दिसत नाही, म्हणून घरोघरी ती टीव्हीच्याच यूएसबीत खोचलेली सापडते. टीव्हीचा साधा यूएसबी अर्धा अ‍ॅम्पिअरच्या हिशोबाने बनवलेला असतो. स्टिक चालते, पण अर्धपोटी. जास्त काम पडलं की दम खाते, मधूनच बंद होऊन सुरू होते, ब्लूटूथ सोडून देते. टीव्ही बंद केला की यूएसबीचा करंट जातो आणि स्टिकचा गळा रोज रात्री आवळला जातो, ते वेगळंच. मी स्वतः लावून देतो तेव्हा चार्जर वेगळ्या पिनला लावल्याशिवाय पैसे घेत नाही.

आता फोनवर काय करून घ्यायचं ते सांगतो. "होम", "बॅक" असं आईला सांगू नका. घराचं चित्र असलेलं बटण, मागे वळलेला बाण असलेलं बटण, तीन आडव्या रेघांचं बटण, आणि मोठं गोल कडं. एवढे चार शब्द आधी ठरवून घ्या, आईच्या तोंडून एकदा म्हणवून घ्या. माझा अर्धा त्रास या शब्दांनी वाचतो. एका आजोबांना मी दहा मिनिटं "होम दाबा" म्हणत होतो आणि ते दर वेळी टीव्ही बंद करत होते. त्यांच्या हिशोबाने घरी जायचं म्हणजे बंद करायचं.

पहिलं काम, स्टिकचा चार्जर पिनमधून काढायचा. टीव्ही रिमोटने बंद करणं म्हणजे स्टिक बंद करणं नव्हे, हे दोनदा सांगा. तेव्हाच रिमोटमधले सेलही काढून ठेवायचे. एक मिनिट, अगदी घड्याळ लावून. मग चार्जर परत लावायचा, स्टिक पूर्ण सुरू होऊन चित्रं दिसेपर्यंत थांबायचं (यातही मिनिटभर जातं, आणि आई मध्येच बटणं दाबायला लागेल, दाबू देऊ नका), सेल घालायचे आणि टीव्हीजवळ उभं राहून घराचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. रिमोटच्या वरच्या टोकाला बारीक दिवा असेल तर तो आधी नारिंगी लुकलुकतो, ओळख पटली की निळा. मी पाहिलेल्या निम्म्या केसेस इथेच संपतात.

इथे नाही संपली तर रिमोटला कोरा करायचा. हे का लागतं ते समजून घेतलंत तर सांगणं सोपं जाईल. पहिल्यांदा जोडताना स्टिक आणि रिमोट आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढे दर वेळी त्याच किल्लीने दार उघडतं. लाईटच्या धक्क्याने किंवा अर्धवट अपडेटने एकाकडची किल्ली हरवली, तर दुसरा जुन्याच किल्लीने दार खटखटवत बसतो. नुसतं दहा सेकंद दाबून अशा वेळी भागत नाही. आधी रिमोटच्या डोक्यातली जुनी किल्ली पुसावी लागते.

त्यासाठी स्टिकचा चार्जर परत काढायचा, मिनिटभर थांबायचं. रिमोटमध्ये सेल असू द्यायचे. आता गोल कड्याची डावी बाजू, तीन रेघांचं बटण आणि मागे वळलेला बाण, ही तिन्ही एकदम बारा सेकंद दाबून ठेवायची. एका हाताने जमत नाही. रिमोट टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी दाबायला सांगा, वडिलांना सेकंद मोजायला बसवा. सोडल्यावर पाच सेकंद थांबून सेल काढायचे, चार्जर लावायचा, मिनिटभराने सेल घालून घराचं बटण दाबायचं. बारा सेकंद म्हणजे बाराच. आठला बोट निसटलं की सगळं पहिल्यापासून. माझं सांगून झाल्यावर "केलं पण झालं नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं एखादं बोट मध्येच उचललेलं असतं.

स्टिक बंद ठेवायला का सांगतोय, त्यालाही कारण आहे. हाच मागे वळलेला बाण आणि कड्याची *उजवी* बाजू दहा सेकंद धरली, की चालू स्टिक पूर्ण पुसून कोरी करायची सूचना पडद्यावर येते. डावं-उजवं चुकणं कुणालाही होतं. स्टिकच बंद असेल तर चुकलं तरी काही बिघडत नाही. तुम्ही पुण्यात बसून अकाउंट, पासवर्ड सगळं पुन्हा घालत बसण्यापेक्षा चार्जर काढलेला बरा.

एवढं करूनही रिमोट मुका राहिला, तर दुसऱ्या वाटेने आत शिरायचं आणि स्टिक तरी शुद्धीवर आहे का ते बघायचं. त्याला नवा पैसा लागत नाही.

एक वाट टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटची. स्टिक टीव्हीच्या ज्या खाचेत खोचलेली असते, त्या एचडीएमआयच्या जोडणीतून टीव्हीचा रिमोट स्टिकला हुकूम देऊ शकतो, याला सीईसी म्हणतात. पण प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव ठेवलंय: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू केलं की टीव्हीच्या रिमोटच्या बाणांनी स्टिकचा पडदा हलायला लागतो. हललाच, तर सेटिंग्ज, मग कंट्रोलर्स (काही ठिकाणी रिमोट्स) अँड ब्लूटूथ डिव्हाइसेस, मग अ‍ॅमेझॉन फायर टीव्ही रिमोट्स, आणि तिथे नवा रिमोट जोडा असं सांगून घराचं बटण दहा सेकंद धरायचं. त्याच यादीत जुन्या रिमोटच्या सेलची स्थितीही दिसते. जोडणी सापडेपर्यंत आई-वडिलांचं काम टीव्हीच्या रिमोटवर भागतं, हा वरचा फायदा. स्वस्तातल्या जुळवाजुळव केलेल्या टीव्हींमध्ये सीईसी नसतं किंवा नावापुरतं असतं. तिथे वेळ घालवू नका.

दुसरी वाट मोबाईलची. फायर टीव्हीचं अ‍ॅप वडिलांच्या मोबाईलवर घ्यायचं, स्टिकला जे अकाउंट आहे त्यानेच आत जायचं, पडद्यावर चार आकडे येतात ते टाकायचे, मोबाईलच रिमोट होतो. अट एकच, मोबाईल आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत. आणि नेमकं इथेच लोक अडकतात. वायफायचा डबा बदललेला, स्टिकला नवा पासवर्ड माहीत नाही, पासवर्ड घालायला रिमोट पाहिजे, रिमोट चालत नाही. आपल्याकडे म्हणतात तसं, आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना.

यातून सुटायची युक्ती मला एका कॉलेजच्या पोराने दाखवली. दोन मोबाईल घ्यायचे. एकाचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि त्याला *जुन्या* वायफायचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा. लहान-मोठं अक्षर, मधली जागा, सगळं तंतोतंत. स्टिकला वाटतं घरचंच वायफाय आलं, ती जाऊन चिकटते. दुसरा मोबाईल त्याच हॉटस्पॉटला जोडून त्यावर अ‍ॅप उघडायचं. एकदा पडदा हातात आला की नवं वायफाय घाला, रिमोट जोडा, काय करायचं ते करा. जुनं नाव आठवत नसेल तर जुन्या डब्याच्या पोटाखालचा चिकटवलेला कागद बघा. डबा बदलून नेलेला असेल, तर घरातल्या कुठल्या तरी मोबाईलमध्ये ते नाव अजून जतन असतं.

अ‍ॅप आणि टीव्हीचा रिमोट, दोन्हींनी पडदा हलत नसेल, तर रिमोटच्या मागे लागणं सोडा. स्टिकच लटकलीय किंवा खराब झालीय. आणि दोन्हींनी हलतोय पण स्वतःचा रिमोट काही केल्या जोडलाच जात नाही, तेव्हाच मी पेचकस हातात घेतो.

मध्येच एक गंमत सांगतो. पाथरी भागातले दोघं भाऊ, वाडा एकच, वाटण्या होऊन खाली थोरला, वर धाकटा. दोघांकडे सारखीच स्टिक. थोरला रिमोट घेऊन दुकानात आला, "दाबून दाबून अंगठा दुखायला, काही होईना." मी तपासून बघितला, रिमोटमध्ये काही दोष नव्हता. परत घेऊन गेला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन, "आमच्या टीव्हीला भुताटकी झालीय, आपोआप चॅनेल बदलायलंय." पोरांनी खेळता खेळता रिमोट अदलाबदल केले होते. ब्लूटूथला एखादा स्लॅब दर वेळी पूर्ण अडवतोच असं नाही. थोरला खाली बसून वरचा टीव्ही चालवत होता. तुमच्या घरी दुसरी स्टिक नसेल, पण विचारायला काय जातं.

आता सेलचं. दोनदा बदलले म्हणता, पण कोणते? आपल्याकडे फेब्रुवारीत उरूस भरतो, तिथे पथारीवर दहाला चार सेल मिळतात. ते घड्याळात चालतात. घड्याळाला थेंब थेंब लागतं. ब्लूटूथ जोडणी करताना रिमोटला बराच वेळ सलग ओरडावं लागतं, तेव्हा हे सेल बसतात. साध्या कार्बन-झिंकच्या सेलला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, पण काम पडलं की व्होल्टेज धपकन खाली येतं, कारण सेलच्या आतलाच अडथळा जास्त. म्हणून मी नुसता आकडा बघत नाही, बटण दाबून धरतो आणि मग काटा किती पडतो ते बघतो. जोडणीपुरते तरी अल्कलाईन सेल घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक नवा एक जुना असं करू नका. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, काही रिमोट त्यांच्यावर कुरकुरतात.

सेल काढलेच आहेत तर आतली स्प्रिंग आणि पट्टी उजेडात बघायला सांगा. पांढरी-हिरवट बुरशीसारखी खरड दिसली, तर जुना सेल फुटून वाहिलाय. अल्कलाईन सेलचं पाणी क्षारी असतं, त्यावर कानातल्या काडीने लिंबाच्या रसाचा एखादा थेंब लावायचा, बुडबुडे आले की पुसायचं, मग साध्या ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या काडीने पुसून वाळू द्यायचं. लिंबू पिळून ओतायचं नाही. ओतलेलंही माझ्याकडे आलंय.

अशा केसेसमध्ये माझ्याकडे सगळ्यात जास्त निघतं ते मात्र वेगळंच: दाबून राहिलेलं बटण. आपल्याकडे रिमोट आणला की पहिल्या दिवशी त्याला प्लास्टिक चढवायची पद्धत. वर रबर बँड. गेल्या उन्हाळ्यात मानवतच्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी स्वतः मशीनवर रेक्झिनचं कव्हर शिवलेलं, वर खिडकी कापून पारदर्शक प्लास्टिक, कडेला पिको. बघत राहावं असं काम. फक्त शिलाई एक दोरा घट्ट बसली होती आणि कव्हर बोलायच्या बटणावर टेकत होतं. रिमोट रात्रंदिवस "बोला, बोला" म्हणत होता, दुसरं कुठलंच बटण ऐकायला त्याला सवड नव्हती, आणि सेल चार दिवसांत संपत होते. कव्हर काढलं, रिमोट चालू. बाई नाराज झाल्या, म्हणून कव्हर पाव इंच उसवून परत दिलं. तर आईला सांगा, कव्हर असेल तर काढा आणि प्रत्येक बटणावरून बोट फिरवा. एखादं बाकीच्यांपेक्षा खाली बसलंय का, दाबलं की टकटक न करता लिबलिबतं का. सेल दर आठवड्याला संपत असतील तर हाच संशय आधी धरा.

बटणाखाली तेल-धूळ गेलेली असेल तर रिमोट उघडावा लागतो. तो मात्र फोनवरून आईकडून उघडवू नका. कडेच्या बारीक कड्या असतात, त्या सुरीने तुटतात. मी जुनं एटीएम कार्ड सरकवून उघडतो. आत रबराची चादर आणि तिच्याखाली काळे ठिपके किंवा पत्र्याच्या बारक्या टोप्या असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने सर्किट पुसलं, रबर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलं, की झालं. पेट्रोल, थिनर लावू नये, रबर फुगतं. काळ्या ठिपक्यावर पेन्सिल घासायची युक्ती चालते, पण आठवडाभर.

उन्हाळा आणि जागा यांचं थोडक्यात. पत्र्याचं छप्पर, भिंतीला चिकटवलेला टीव्ही आणि मागच्या फटीत स्टिक, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला तिथे काय होत असेल विचार करा. स्टिकबरोबर एचडीएमआयची बोटभर लांबीची शेपटी येते, ती लोक खोक्यातच ठेवतात. ती लावली की स्टिक पत्र्याच्या पाठीपासून बाहेर लोंबते, गरम कमी होते आणि ब्लूटूथही मोकळं ऐकू येतं. वायफायचा डबा स्टिकला खेटून असेल तर हात-दोन हात बाजूला ठेवा, दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. पण या कारणांनी रिमोट अडखळतो, उशिरा ऐकतो, लांबून चालत नाही. आठ दिवस पूर्ण मुका होत नाही. त्यामुळे तुमच्या केसमध्ये मी ती शेवटी धरतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्याकडे दुसरी वस्तू आहे. गूगल टीव्हीच्या क्रोमकास्टला मागे आणि घर ही दोन बटणं एकत्र, दिवा लुकलुकेपर्यंत धरायची. केबल-डिशवाल्यांच्या बऱ्याच अँड्रॉइड डब्यांत उलटं असतं. साधी बटणं इन्फ्रारेडवर आणि फक्त बोलायचं बटण ब्लूटूथवर. तिथे बोलणं बंद पडून बाकी सगळं चालू राहिलं, तर तीसुद्धा ओळख तुटल्याचीच खूण. बटणांची जोडी प्रत्येकाची वेगळी, पण पद्धत हीच.

शेवटी रिमोट घ्यावाच लागला तर दोन गोष्टी. बाजारात "स्टिकला चालणारा" म्हणून स्वस्त रिमोट मिळतात, त्यातले काही फक्त इन्फ्रारेडचे असतात. त्यांनी आवाज होईल आणि स्टिक जागची हलणार नाही, म्हणजे आज आहात तिथेच राहाल. पाकिटावर ब्लूटूथ आणि तुमच्या स्टिकची पिढी दोन्ही लिहिलेलं बघून घ्या, सगळे रिमोट सगळ्या पिढ्यांना चालत नाहीत. एका स्टिकला सात रिमोट जोडता येतात, तेव्हा जुना काढून टाकायची घाई नको. आणि दिवाळीत घेतलीय म्हणजे बिल शोधा, वॉरंटीत असेल तर खिशातून कशाला?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिकडे दोघं म्हातारी माणसं एकटी आहेत. रिमोट बंद पडला की लोक नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि पहिला दिसेल तो लावतात. त्यातले कित्येक नंबर भामट्यांचे असतात. "स्टिक अ‍ॅक्टिव्हेट करायला पाच रुपये भरा", "हे अ‍ॅप घ्या, आम्ही इथून दुरुस्त करतो" असं म्हणून मोबाईलचा पडदाच ताब्यात घेतात. माझ्या एका गिऱ्हाईकाचे पेन्शनचे पैसे असेच गेले. रिमोट जोडायला कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही, ओटीपी तर नाहीच नाही. वडिलांना हे आजच सांगून ठेवा. मदत हवी असेल तर अमेझॉनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधूनच घ्यायची. कुणी फसलंच तर लगेच १९३० ला फोन.

तर आज संध्याकाळी फोन लावा, आधी आठ दिवसांपूर्वीचं विचारा, मग चार्जर काढायला लावा. झालं नाही तर मला तीन गोष्टी कळवा: रिमोटचा दिवा कोणत्या रंगाने लुकलुकला की लागलाच नाही, टीव्हीच्या रिमोटने पडदा हलतो का, आणि चार्जर भिंतीला आहे की टीव्हीत. अंबाजोगाईहून परभणीला कुणी येणारं असेल तर रिमोट एकटा पाठवू नका, स्टिक आणि चार्जरही बरोबर द्या. नुसता रिमोट आला की मी माझ्या स्टिकला जोडून "चालतोय की" म्हणणार आणि तो परत जाणार.